पीसीचं नाव बदललं आणि स्कॅन, शेअरिंग सगळं बंद पडलं: आता काय करायचं आणि बाकीच्या पीसींची नावं कशी बदलायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वाशीला तुमचं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे, सहा पीसी, सगळे सेकंडहँड घेतलेले. चारांची नावं डेस्कटॉप आणि पुढे कसलीतरी अक्षरं-आकडे, दोघांना अजून आधीच्या मालकाच्या कंपनीचं नाव. शनिवारी तुम्ही डेटा ठेवलेल्या मेन पीसीचं नाव बदललं, वर्कग्रुपही (म्हणजे पीसींच्या गटाचं नाव) बदलला, 'नेटवर्क नेम' पण बदलायचं होतं पण ते नेमकं कुठे असतं तेच सापडलं नाही. सोमवारी सकाळी बाकीच्या पीसीवर अकाउंटिंगचा डेटा उघडेना आणि झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेलं फोल्डरमध्ये येईना. आता हे नीट कसं करायचं आणि उरलेल्या पाचांना हात लावायचा की नाही.

मी नौपाड्यात राहतो, गेली सतरा-अठरा वर्षं वागळे इस्टेटपासून बेलापूरपर्यंतच्या छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं बघतो, त्यामुळे हा प्रकार माझ्यासमोर वर्षातून तीन-चारदा तरी येतो.

आधी आजचं बघू, कारण ऑफिस अडलंय. मेन पीसीला जुनं नाव परत द्या. खरंच, एवढंच करा आज. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, तिथे 'रिनेम धिस पीसी', जुनं नाव जसंच्या तसं टाका, मधली आडवी रेघ असेल तर तीसुद्धा, आणि रिस्टार्ट करा. जुनं नाव आठवत नसेल तर घाबरू नका, ते बाकीच्या पाच पीसींवर लिहिलेलं सापडेल. त्यातल्या कुठल्याही एकावर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून नेट यूज (net use) अशी कमांड टाइप करा, जोडलेल्या ड्राइव्हची यादी येते, त्यात दोन उलट्या तिरक्या रेघांच्या पुढे जे नाव दिसतं ते तुमचं जुनं नाव. ड्राइव्ह जोडलेला नसेल, नुसता डेस्कटॉपवर शॉर्टकट असेल, तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, टार्गेटमध्ये तेच नाव असतं. नाव परत आलं की साठवलेले पासवर्डसुद्धा आपोआप लागू होतात, कारण विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये पासवर्ड त्या नावाखालीच ठेवलेला असतो, नवीन नाव म्हणजे त्याच्या लेखी नवीन, अनोळखी मशीन. आणि शटडाउन करून परत चालू करू नका, रिस्टार्टच करा. हल्ली फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो.

आता मूळ मुद्दा. नाव बदलायला दोन मिनिटं लागतात, पण ते नाव दुसऱ्या कोणी कोणी कुठे कुठे लिहून ठेवलंय ते शोधायला अर्धा दिवस जातो, आणि नेमकं तेच आपण करत नाही. पाचपाखाडीत जुनी बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहतो, नवीन नाव लागतं, तरी कुरिअरवाला जुन्या नावाची चिठ्ठी घेऊन येतो आणि वॉचमनला विचारून बरोबर पोचतो. झेरॉक्स मशीन कोणाला विचारणार? त्याच्या मेमरीत जे नाव आहे तेच ते नेटवर्कवर हाक मारत बसतं, उत्तर आलं नाही की एरर देतं.

'नेटवर्क नेम' तुम्हाला सापडलं नाही यात तुमचं काही चुकलं नाही, कारण या एका शब्दाखाली लोक चार वेगवेगळ्या गोष्टी म्हणतात. पहिली म्हणजे पीसीचंच नाव, जे नेटवर्कवर दुसऱ्यांना दिसतं. दुसरी वर्कग्रुपचं नाव. तिसरी म्हणजे विंडोजने त्या कनेक्शनला दिलेलं नाव, नेटवर्क, नेटवर्क २, नेटवर्क ३ असं काहीतरी. आणि चौथी वायफायचं नाव, जे मोबाइलवर दिसतं. चारही बदलण्याच्या जागा वेगळ्या आणि परिणामही वेगळे.

वर्कग्रुपचं आधी संपवतो. विंडोजमध्ये मुळात सगळ्यांचा वर्कग्रुप 'वर्कग्रुप' याच नावाचा असतो आणि तुमच्याएवढ्या ऑफिसला तो बदलायची काहीही गरज नाही. तुम्ही तो बदललात त्यामुळे काही बंद पडलेलं नाही, कारण दुसऱ्या पीसीने थेट नावाने हाक मारली तर वर्कग्रुप वेगळा असला तरी शेअरिंग चालतं. पण उगाच वेगळा का ठेवायचा, परत पूर्वीचा करून टाका. एकच लक्षात ठेवा, वर्कग्रुपला आणि पीसीला सेम नाव देता येत नाही, लोक दोन्हीकडे ऑफिसचंच नाव टाकायला जातात आणि अडकतात.

तिसरं, ते नेटवर्क २ वगैरे, त्या नावाला काही अर्थ नाही. ते बदलायला रजिस्ट्रीसारख्या विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरावं लागतं आणि मिळत काहीच नाही, सोडून द्या. बघायचं असेल तर त्याच्या शेजारचं बघा: पब्लिक आहे की प्रायव्हेट. राउटर बदलला की विंडोजला वाटतं आपण नव्या जागी आलो, नवीन नेटवर्क तयार होतं, ते पब्लिक म्हणून धरलं जातं आणि शेअरिंग बंद. कोपरखैरण्याच्या एका क्लायंटकडे केबलवाल्याने राउटर बदलून दिला आणि तिथल्या माणसाने दोन दिवस पीसींची नावं उलटसुलट करून पाहिली, खरं काम एका क्लिकचं होतं. तुमच्याकडे राउटर तोच आहे, म्हणजे हे कारण नसावं, तरी जुनं नाव देऊनही चालू झालं नाही तर आधी हे बघा.

वायफायचं नाव राउटरच्या सेटिंगमध्ये बदलतं, पीसीमध्ये नाही. ते बदललं की ऑफिसातलं प्रत्येक यंत्र परत जोडावं लागतं, मोबाइल तर सगळे जोडून घेतील, पण वायफायवरचा प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, थंबचं हजेरी मशीन हे कोणाला आठवत नाही. उलट नवीन राउटर आणलात तर त्याला जुन्याचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, बहुतेक सगळं आपोआप जोडलं जातं. मराठीत नाव द्यायची हौस बऱ्याच जणांना असते, मलाही आवडतं, आणि ते चालतंसुद्धा, पण मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यात वेलांटी, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'कन्सल्टन्सी' हा एक शब्दच ३३ बाइटचा होतो, म्हणजे बसतच नाही. शिवाय जुन्या प्रिंटरच्या छोट्या स्क्रीनवर देवनागरी दिसतही नाही.

आता पीसीचं नाव, म्हणजे तुमचा खरा विषय. नाव द्या, पण १५ अक्षरांच्या आत. यामागचं कारण जुनं आहे. नेटबायोस नावाची पद्धत १९८० च्या दशकातली, तिच्यात नावाला १६ जागा, त्यातली शेवटची जागा ही कसली सेवा आहे ते सांगायला राखीव, उरल्या १५. इंटरनेटच्या पद्धतीत एका नावाला ६३ अक्षरं चालतात, पण विंडोजच्या शेअरिंगमध्ये ती १५ ची मर्यादा अजून मागे लागलेली आहे. तुर्भ्याला एका गोडाऊनच्या ऑफिसात कोणीतरी दोन पीसींना इंग्रजीत अकाउंट्स डिपार्टमेंट असं सलग लिहून पुढे १ आणि २ लावलं होतं. मोजून बघा, आकडा धरून १९ अक्षरं होतात. विंडोजने छोटं नाव करताना पहिली १५ ठेवली, आकडा तर गेलाच, डिपार्टमेंटही अर्धवट तुटलं, आणि नेटवर्कवर दोघांचं नाव एक झालं. कधी हा पीसी उघडायचा कधी तो, लोक म्हणत होते व्हायरस आलाय. विंडोज नाव छोटं करताना तशी सूचना देतं, पण ती कोण वाचतं.

तुमच्या त्या कंपनीचं नाव असलेल्या दोन पीसींचं याच कारणासाठी नीट बघा. सेकंडहँड विकणारे बऱ्याचदा एक मशीन तयार करून त्याची डिस्क दुसऱ्यांवर जशीच्या तशी उतरवतात, मग नावंही सारखी. दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टवर होस्टनेम (hostname) टाइप करून जे येतं ते अक्षर न् अक्षर ताडून बघा. सारखी असतील तर त्यातल्या एकाचं नाव आधी बदला, बाकी सगळं नंतर.

नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. स्पेस नको, अंडरस्कोर नको, देवनागरी नको, नुसते आकडेही नकोत. आणि माणसाचं नाव तर अजिबात नको. एक तर माणूस सोडून जातो आणि त्याच्या जागी आलेली मुलगी दोन वर्षं त्याच्याच नावाच्या पीसीवर काम करते. दुसरं म्हणजे पीसीचं नाव ब्लूटूथवरही तेच दिसतं, लॅपटॉप घेऊन स्टेशनवर बसलात तर शेजारच्याच्या मोबाइलवर तुमचं आडनाव झळकू शकतं. मी साधं ठेवतो, ऑफिसचं दोन-तीन अक्षरांचं छोटं रूप, रेघ, आणि ०१, ०२ असा नंबर. अकाउंट्स, रिसेप्शन असं टेबलावरूनही नाव देत नाही कारण टेबलं हलतात. नंबर कायमचा, आणि तोच नंबर कॅबिनेटवर समोरून दिसेल असा स्टिकरवर लिहून चिकटवायचा. हे स्टिकरचं लोकांना फालतू वाटतं, पण फोनवर 'तुमच्या पीसीचं नाव काय' असं विचारण्यात माझी जितकी वर्षं गेलीत त्यावरून सांगतो, स्टिकर लावाच. चांगल्या नावाचा आणखी एक उपयोग, वनड्राइव्हवर एकच फाइल दोघांनी एकदम बदलली तर जादा कॉपीच्या नावाला पीसीचं नाव जोडलं जातं, तेव्हा डेस्कटॉप-अमुकतमुक पेक्षा ०३ लिहिलेलं असलं की कोणाची कॉपी ते लगेच कळतं.

मेन पीसीचं नाव बदलायचंच का, हा मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. माझं मत विचाराल तर ज्या पीसीवर दुसरे अवलंबून आहेत त्याचं नाव नुसतं दिसायला वाईट आहे म्हणून मी बदलत नाही. त्याच अबाउटच्या पानावरून ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये गेलात तर कॉम्प्युटर नेमच्या टॅबवर कॉम्प्युटर डिस्क्रिप्शन म्हणून एक रकाना आहे, तिथे मनासारखं लिहा, त्याने काही तुटत नाही. पण नावात जुन्या मालकाची कंपनी असेल किंवा दोघांचं सारखं असेल तर बदलायलाच हवं.

बदलायचं ठरलं तर एक दिवस आधी फक्त बघत बसायचं. मेन पीसीवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्स, त्यात सेशन्स आणि ओपन फाइल्स. कोणता पीसी आत्ता जोडलेला आहे, कोणती फाइल उघडलीय, सगळं तिथे दिसतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, कोणी स्कॅन करताना एकदा, असं बघून वहीत लिहून काढा. मला या यादीत दर वेळी एखादं तरी अनपेक्षित नाव सापडतं. नेरुळच्या एका ऑफिसात स्टोअररूममधला एक पीसी निघाला, रोज रात्री बॅकअप घ्यायला येत होता, लावणारा मुलगा कधीच नोकरी सोडून गेला होता आणि मालकांना बॅकअप होतोय हेच माहीत नव्हतं. नाव बदललं असतं तर तो बॅकअप गुपचूप बंद पडला असता आणि डिस्क जाईपर्यंत कोणाला कळलंही नसतं.

यादीत येणार नाहीत अशाही काही जागा आहेत. एक्सेलच्या फाइली, ज्यांच्या फॉर्म्युल्यात दुसऱ्या पीसीवरच्या फाइलचा पत्ता असतो, डेटा टॅबमध्ये लिंक्स बघा. मेन पीसीला यूएसबीने लावलेला आणि तिथून शेअर केलेला प्रिंटर. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधला डेटाचा पाथ आणि लायसन्स ज्या पीसीवर आहे त्याचं नाव, हे प्रत्येक पीसीवर वेगळं साठवलेलं असतं. आणि तुमचं पेरोल किंवा बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालत असेल तर तिथे जपून, त्याच्या कनेक्शनमध्ये पीसीचं नाव आणि पुढे इन्स्टन्सचं नाव असं लिहिलेलं असतं, शिवाय एसक्यूएल सर्व्हर स्वतःच्या आतही जुनं नाव धरून बसतो, ते दोन कमांड देऊन वेगळं बदलावं लागतं. हे घरी करायचं काम नाही, सॉफ्टवेअरवाल्याला आधी फोन करून त्याला त्या दिवशी मोकळा ठेवा.

झेरॉक्स मशीनचं सविस्तर सांगतो, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. मशीनच्या पॅनलवर ॲड्रेस बुक असतं, त्यात 'स्कॅन' नावाचं बटण दिसतं पण त्याच्या आत चार गोष्टी असतात: होस्टचं नाव, फोल्डरचा पाथ, यूजरनेम आणि पासवर्ड. पॅनलवरच्या त्या बारीक कीबोर्डवर हे टाइप करू नका, मी वागळे इस्टेटमध्ये एकदा उभ्याने पाऊण तास ते केलंय आणि शेवटी चूक निघाली ती मधल्या एका रेघेची. मशीनचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता, सेटिंगच्या रिपोर्टवर छापून मिळतो, तो पीसीच्या ब्राउझरमध्ये टाका, मशीनचं पान उघडतं आणि तिथून आरामात बदलता येतं. यूजरनेमच्या रकान्यात कधीकधी पीसीचं नाव, उलटी तिरकी रेघ, मग यूजर असं असतं, तिथलं जुनं नाव हमखास राहून जातं. मी स्वतः मशीनला नाव देतच नाही, मेन पीसीचा आयपी राउटरमध्ये कायमचा राखून ठेवतो आणि मशीनमध्ये तो आयपी टाकतो. राखीव आयपी नेटवर्क कार्डच्या नंबरवर बांधलेला असतो, पीसीचं नाव कितीही बदला, तो हलत नाही. माणसांना नाव सोपं, मशीनला आकडा सोपा. तुमच्याकडे नाव परत देऊन झालं की पुढचं काम हेच करा, स्कॅनिंग एकदाचं नावापासून सुटं होईल.

काय बदलत नाही तेही सांगतो, कारण तुम्ही घाबरून विचारलंय. विंडोजचं ॲक्टिव्हेशन जात नाही, ते हार्डवेअरशी बांधलेलं असतं. फाइली, लॉगिनचा पासवर्ड, इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर तशीच राहतात. सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरला जुन्या माणसाचं नाव असेल तर तेही तसंच राहतं, त्याचा पीसीच्या नावाशी संबंध नाही, आणि ते फोल्डर हाताने रिनेम करायला कृपा करून जाऊ नका.

दिवस निवडताना तुमच्या धंद्याचं कॅलेंडर बघा. महिन्याची ७, ११ आणि २० तारीख, म्हणजे टीडीएस आणि जीएसटीच्या तारखा, त्याच्या आधीचे तीन दिवस सोडून द्या. शनिवारी संध्याकाळी बदलून सोमवारी कळण्यापेक्षा मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बदला, सगळे जागेवर असतात, काय चालत नाही ते दहा मिनिटांत कळतं आणि जमलंच नाही तर जुनं नाव परत द्यायला एक रिस्टार्ट पुरतो. एका दिवशी एकच पीसी. ज्यांच्यावर कोणी अवलंबून नाही ते पहिले, मेन पीसी सगळ्यात शेवटी. राउटरच्या यादीत जुनं नाव काही वेळ दिसत राहील, त्याकडे लक्ष देऊ नका. आणि नेटवर्कच्या फोल्डरमध्ये नवीन नाव दिसत नसेल तर लगेच बिघडलं असं समजू नका, २०१७ च्या विंडोज १० पासून ती यादी बनवायची जुनी पद्धत बाजूला ठेवलीय, आता ते काम फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन नावाची सर्व्हिस करते, ती बंद असेल तर पीसी यादीत दिसत नाही पण नावाने उघडतो. म्हणून तपासताना यादीत शोधू नका, फोल्डरच्या खिडकीतल्या ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन नाव टाइप करा.

कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्स) आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, म्हणून तेवढं सांगतो. तिथे होस्टनेमसीटीएल (hostnamectl) कमांडने नाव बदलतं, पण ईटीसी फोल्डरमधल्या होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ च्या ओळीवर जुनं नाव राहतं, तेही हाताने बदला. नाहीतर सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवायची कमांड) देताना दर वेळी होस्ट सापडत नाही अशी तक्रार येत राहते.

आता ते कंपनीचं नाव असलेले दोन पीसी. त्यांचं नुसतं नाव बदलून थांबू नका. अबाउटच्या पानावरून डोमेन ऑर वर्कग्रुप उघडा, आणि सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' बघा. तिथे वर्कग्रुपऐवजी डोमेन (म्हणजे कंपनीने एका जागेवरून सांभाळलेलं नेटवर्क) लिहिलेलं असेल किंवा त्या कंपनीचं खातं जोडलेलं दिसत असेल, तर तो पीसी अजून त्यांच्या ताब्यातून पूर्ण सुटलेला नाही, आणि तुमच्या क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट त्यावर ठेवणं मला योग्य वाटत नाही. दुसरं काही न बघता डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून घ्या, नाव तेव्हाच द्या. नव्याने टाकल्यावरही पहिल्याच स्क्रीनवर त्या कंपनीचं लॉगिन मागितलं, तर मशीनची नोंद त्यांच्याकडे अजून आहे, ती फक्त तेच काढू शकतात, मग ज्याच्याकडून घेतला त्याला बिल दाखवून पीसी बदलून मागा. आणि एक, झेरॉक्स मशीन फार जुनं असेल तर ते स्कॅन पाठवायला एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची, पहिली आवृत्तीच वापरत असेल, नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती बंद असते. या दोनपैकी एखाद्यावर स्कॅन येत असेल तर विंडोज टाकायच्या आधी मशीनचं मॉडेल आणि पाठवायच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा, आणि ती जुनी आवृत्ती चालू करत बसण्यापेक्षा स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.